अमेरिकन आणि रशियन शिक्षकांनी मिळून धडे लिहिले, ते सगळं वायाच गेलं का?

पाटीपेन्सिल

परवा पाठ्यपुस्तकांच्या धाग्यावर उत्तरवारा यांनी लिहिलं होतं: "ऐंशी-नव्वदच्या दशकात अमेरिकन आणि रशियन मास्तर एकत्र बसून सहावी-सातवीच्या पोरांसाठी अभ्यासक्रम लिहीत होते. पॅनकेकची कृती, ब्लिनी या रशियन धिरड्यांची कृती, शांततेची चित्रं. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर त्यातलं काय उरलं? शून्य. सरकारी खर्चाने केलेल्या सहली होत्या त्या."

दोन दिवस हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढते.

मी न्यू जर्सीत सातवी-आठवीला सोशल स्टडीज शिकवते. त्याआधी नाशिकला नऊ वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. २००९ ते २०१३ मध्ये व्होल्गाकाठच्या एका शाळेतल्या बाईंबरोबर मी सहा आठवड्यांचा घटक तयार केला आणि आम्ही दोघींनी तो आपापल्या वर्गात शिकवला. सहल कशाला म्हणतात आणि काम कशाला, ते मला कळतं.

आमची अडचण 'मिडल स्कूल' या शब्दापासूनच सुरू झाली. इकडे सहावी ते आठवीची शाळा वेगळी असते, मुलं तासागणिक खोल्या बदलतात. रशियात बहुतेक ठिकाणी पहिली ते अकरावी एकच शाळा आणि मुलंही तीच. माझ्या आराखड्यात पहिला तास 'वर्गाची एकमेकांशी ओळख' असा होता. बाईंनी लिहिलं, "माझी मुलं सहा वर्षं एका वर्गात आहेत. मी कोणाची कोणाशी ओळख करून देऊ?" माझा आराखडा तिथेच बाद झाला. समोरासमोर तास घेणंही जमेना, कारण आमची शाळा भरायची तेव्हा तिकडची सुटलेली असायची. म्हणून सगळं लेखी.

मग आम्ही दुसरं महायुद्ध घेतलं. माझ्या पुस्तकात पर्ल हार्बर, नॉर्मंडी, हिरोशिमा. स्टालिनग्राडला एक परिच्छेद. त्यांच्या पुस्तकात २२ जून १९४१ च्या जर्मन हल्ल्यापासून बर्लिनपर्यंतचं महान देशभक्तीपर युद्ध, आणि अमेरिकेच्या लेंड-लीज (युद्धकाळात उसनवारीने दिलेल्या) मदतीवर दोन ओळी. सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली, अमेरिकेची सुमारे ४ लाख. माझ्या आठवीतल्या एकालाही पहिला आकडा माहीत नव्हता. आणि अमेरिकेने चार लाखांवर जीप आणि ट्रक पाठवले होते हे त्यांच्या मुलांना माहीत नव्हतं. आम्ही दोन्ही पानं भाषांतर करून शेजारी-शेजारी छापली आणि मुलांना विचारलं, "कोणत्या पानावर काय नाही?" एवढाच प्रश्न. तिकडच्या एका मुलाने घरी विचारलं, तर पणजी म्हणाली, "तुझे पणजोबा 'स्टुडबेकर'च चालवायचे की." म्हणजे तोच अमेरिकन ट्रक. घरात माहीत होतं, पुस्तकात नव्हतं.

ही कल्पना आमची नव्हे. १९७७ मध्ये अमेरिकन आणि सोव्हिएत तज्ज्ञांनी एकमेकांची इतिहास-भूगोलाची पुस्तकं तपासायला घेतली होती. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्यावर ते काम थांबलं, १९८५ च्या रेगन-गोर्बाचेव जिनिव्हा भेटीनंतर पुन्हा सुरू झालं. दोघांच्या तक्रारी ह्याच होत्या. गोड धडे वाया गेले हे मला मान्य आहे. भांडणाचे धडे वाया गेले नाहीत.

उत्तरवारा

तुमचा प्रतिसाद आवडला, पण पटला नाही. मी १९८५ ते १९९१ मॉस्कोत शिकलो. मुंबईत पेडर रोडच्या सोव्हिएत केंद्रात रशियन गिरवून गेलेली आमची पिढी. नव्वदच्या दशकात परत गेलो तेव्हा दुभाष्याचं काम करायचो. अशा एका संयुक्त कार्यशाळेत मी तीन दिवस बसलो आहे. तिकडच्या शिक्षकांचे पगार कित्येक महिने थकलेले, आणि पाहुणे आले ते रंगीत खडू आणि चिकटचिठ्ठ्यांचे खोके घेऊन. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या एका बाईंना भिंतीवर चिठ्ठ्या लावायला सांगितल्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "हे छान आहे, पण भूगोल कधी सुरू होणार?" मी ते भाषांतर केलं नाही. आजही खंत वाटते.

दोघं मिळून लिहिणं म्हणायचं आणि एकाने द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं. असलं नातं टिकत नाही. २०१२ मध्ये रशियाने यूएसएड या अमेरिकन सरकारी मदतसंस्थेला बाहेर काढलं. २०१४ मध्ये फ्लेक्स या विद्यार्थी-देवाणघेवाणीतून अंग काढलं. २०२२ च्या सप्टेंबरपासून दर सोमवारी पहिल्या तासाला 'महत्त्वाच्या गप्पा' नावाचे सरकारने ठरवलेले देशभक्तीचे तास सुरू झाले आणि २०२३ मध्ये दहावी-अकरावीला मेदिन्स्की-तोर्कुनोव यांचं इतिहासाचं पुस्तक आलं, ज्यात युक्रेनच्या युद्धाचाही धडा आहे. तुमचा तो घटक आज कोणत्या कपाटात आहे, बाई?

कोयनाकाठ

दोघांचंही वाचलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. मला एकच कळत नाही, शिक्षकाला अभ्यासक्रम लिहू देतं कोण? आमच्याकडे वरून येतो. प्रशिक्षणं वरून, चाचण्या वरून, आणि दिवसभर ॲपवर माहिती भरायची. गेल्या वर्षी पोषण आहाराची आकडेवारी, गणवेशाचे फोटो, कसली कसली नोंदणी करून मी सातवीचा भूगोल मार्चमध्ये पळवला. आणि इथे परदेशातल्या शिक्षकांचं कौतुक.

पाटीपेन्सिल

कोयनाकाठ, त्रास खरा आहे, नाशिकला मीही भोगला आहे. पण मोकळीक इकडेही मागून घ्यावी लागते. माझ्या सहा आठवड्यांसाठी मला शिक्षण मंडळासमोर दोनदा उभं राहावं लागलं.

उत्तरवारा, तुमचं नव्वदच्या दशकाचं वर्णन खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण देणारी नेहमी अमेरिकाच होती हे चूक. १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या १२ आणि मॉस्कोतल्या १२ शाळा संगणकाने जोडल्या गेल्या, त्यात दोन्ही बाजूंनी प्रकल्प सुचवायचे होते. आणि गणितात तर उलटा प्रवाह आहे. एल्कोनिन-दाविदोव या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञांची पद्धत मॉस्कोच्या ९१ क्रमांकाच्या शाळेत घडली आणि हवाई विद्यापीठातल्या लोकांनी ती उचलून तिथल्या मुलांसाठी अभ्यासक्रम केला.

गणिताचीआई

आता गणिताचं निघालंच आहे तर बोलते. आम्ही बोस्टनजवळ राहतो. इथल्या मराठी घरांतली निम्मी मुलं शनिवारी रशियन गणिताच्या क्लासला असतात. माझी मुलगी सहावीत आहे. शाळेत अजून अपूर्णांकांचे रंगीत तुकडे चिकटवत होते तेव्हा क्लासमध्ये ती समीकरणं मांडत होती. मला अभ्यासक्रमातला सुसंवाद वगैरे कळत नाही. रशियन शिक्षकांनी अमेरिकन मुलांना काही दिलं असेल तर हे दिलं.

सह्यकडा

गणिताचीआई, तुमची एल्कोनिन-दाविदोव यांच्याशी गल्लत होते आहे. त्या पद्धतीत पहिलीच्या मुलाला आकडेच देत नाहीत. आधी दोन काठ्या, दोन भांड्यांतलं पाणी, कोणतं जास्त, कोणतं कमी, मग ते अक्षराने लिहायचं: क मोठा, ख लहान. मोजायला एकक लागतं, आणि त्या एककातून संख्या जन्माला येते. ही सावकाशीची पद्धत आहे. तुम्ही म्हणता तो क्लास म्हणजे दोन इयत्ता पुढे पळवणं. पुण्यात त्याला आपण शिकवणी म्हणायचो, नाव रशियन लावलं म्हणून ती वेगळी होत नाही.

गणिताचीआई

तुम्ही त्या क्लासमध्ये बसला आहात का कधी? मी बसले आहे, वर्षभर, मागच्या बाकावर. पळवत नाहीत. एका उदाहरणावर चाळीस मिनिटं घालवतात आणि उत्तर आलं तरी "दुसऱ्या मार्गाने सांग" म्हणतात. माझ्या शाळेत, साताऱ्यात, दुसऱ्या मार्गाने केलं म्हणून गुण कापले होते. गणितात मी नापास नव्हते, तरी बारावीनंतर त्याच्या वाटेला गेले नाही. मुलीला ते होऊ नये एवढंच.

सह्यकडा

माझा मुलगा अशाच एका क्लासला तीन वर्षं जाऊन रडत परत यायचा. त्याला सगळ्यांसमोर फळ्यावर उभं करून चूक दाखवायचे. ही रशियन शिस्त तुम्हाला लखलाभ.

गणिताचीआई

एका शिक्षकाचा राग सगळ्या पद्धतीवर काढू नका.

सह्यकडा

आणि तुम्ही एका मुलीच्या यशावरून सगळ्या देशाची पद्धत श्रेष्ठ ठरवू नका. मुलाचं रडणं मी ऐकलं आहे, तुम्ही नाही.

उत्तरवारा

दोघांनी जरा थांबा. फळ्यासमोर उभं करणं तिथे सर्रास चालायचं, मीही उभा राहिलो आहे. पहिल्या वर्षी भाषा अर्धवट, तरी उभं केलं. त्यातूनच बोलायला शिकलो, पण बारा वर्षांच्या मुलाने ते सोसावं असं माझं म्हणणं नाही.

गणिताबद्दल पाटीपेन्सिल यांचं मान्य करतो, नाइलाजाने. पण हेही लक्षात घ्या की गणितात लेनिनग्राडचा वेढा नसतो. क मोठा, ख लहान यावर कोणत्याच मंत्रालयाचा आक्षेप नसतो, म्हणून तिथे देवाणघेवाण टिकते. इतिहासात टिकत नाही. १९२० च्या दशकातही हेच झालं. मॅसॅच्युसेट्समधल्या डाल्टन गावाच्या नावाची योजना (मुलाने आपल्या गतीने काम करायचं) सोव्हिएत शाळांनी उत्साहाने घेतली, १९२८ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई स्वतः येऊन शाळा बघून गेले, आणि १९३१-३२ च्या कम्युनिस्ट पक्षाच्या ठरावांनी ते सगळं पुसलं. वरचा वारा फिरला की शिक्षकांचं लिहिलेलं उडून जातं. मी हेच म्हणत होतो.

थंडीतलीचाफेकळी

आम्ही २०१६ ते २०२२ मॉस्कोत होतो. मुलगी तिथल्या साध्या शाळेत पाचवीपर्यंत शिकली. उत्तरवारा म्हणतात तसं सगळं पुसलं जात नाही, असं माझं निरीक्षण. तिच्या भूगोलाच्या बाई बेरिंगची सामुद्रधुनी शिकवताना नकाशावर दोन ठिपके दाखवायच्या, मोठं दिओमिद रशियाचं, छोटं अमेरिकेचं, मध्ये जेमतेम चार किलोमीटर पाणी आणि त्यातून जाणारी आंतरराष्ट्रीय वाररेषा. १९४८ मध्ये तिथली सीमा बंद झाली आणि तिथल्या मूळ रहिवाशांची, युपिकांची, कुटुंबं दोन्हीकडे तुटून राहिली. १९८७ मध्ये अमेरिकन जलतरणपटू लिन कॉक्स ते थंडगार पाणी पोहून गेली, आणि १३ जून १९८८ ला अलास्कातल्या नोमहून रशियातल्या प्रोविदेनियाला विमान आलं तेव्हा चाळीस वर्षांनी नातलग भेटले. हे त्या वर्गाला सांगायच्या. पुस्तकात नव्हतं. "कुठून कळलं तुम्हाला?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, तरुणपणी अलास्काच्या एका शिक्षकाबरोबर धडा बनवला होता.

कोयनाकाठ

आता हे मला वापरता येईल. सातवीला नकाशा आहेच. वाररेषा मुलांच्या डोक्यात कधीच शिरत नाही. एका बेटावर सोमवार असताना समोरच्या बेटावर मंगळवार, आणि मध्ये आमच्या गावापासून बाजारापर्यंतचं अंतर, असं सांगितलं तर शिरेल.

उत्तरवारा

चाफेकळी, ही एक बाई झाली. एका बाईवरून धोरण ठरत नाही, हे आत्ताच सह्यकडा यांनीही वेगळ्या शब्दांत सांगितलं. पण हो, एक बाई झाली. शून्य लिहायला नको होतं मी. 'फार थोडं' असं वाचावं. सहल हा शब्द मात्र मागे घेत नाही.

आणि पाटीपेन्सिल, कपाटाच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

पाटीपेन्सिल

देते. माझ्याकडचा घटक अजून चालू आहे, दर फेब्रुवारीत. २७०-४ असं फळ्यावर लिहिते, लाखांत, आणि मुलांना विचारते हे कशाचे आकडे असतील. बहुतेक फुटबॉलचे गुण सांगतात. मग पानं वाटते.

तिकडचा घटक बाईंच्या टेबलाच्या खालच्या खणात होता, २०२१ च्या पत्रापर्यंत तरी. त्यांनी दोन ओळी बदलल्या होत्या, कारण 'वर' विचारणा झाली होती. मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप कराराचं, म्हणजे १९३९ च्या स्टालिन-हिटलर समझोत्याचं, पान काढलं, स्टुडबेकरचं ठेवलं. मी तेव्हा त्यांच्यावर चिडले होते, तसं लिहिलंही. त्यांनी उत्तर दिलं, "एक पान वाचवायचं तर कोणतं, हे मला ठरवावं लागतं, तुला लागत नाही." त्यानंतर एप्रिल २०२२ मध्ये मी पत्र पाठवलं. उत्तर नाही. पुन्हा लिहून त्यांना अडचणीत आणावं का, हे मला ठरवता येत नाहीये. तिकडे राहिलेल्या कोणी सांगितलं तर बरं होईल.

थंडीतलीचाफेकळी

लिहू नका, असं मी म्हणेन. निदान शाळेच्या पत्त्यावर तरी नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.