मदत हवी आहे : पसंतीक्रमात नको असलेल्या उमेदवाराचे काय करावे?

न्यू यॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) २४ जून २०२५ रोजी आहे. मी पक्षाचा नोंदणीकृत मतदार आहे, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न नाही. अकरा उमेदवारांपैकी पाच जणांना पसंतीक्रम देता येतो. ब्रॅड लँडर यांना पहिला आणि झोहरान ममदानी यांना दुसरा क्रमांक देण्याचे मी ठरवले आहे. प्रतिस्पर्धी असूनही या दोघांनी एकमेकांना दिलेला पाठिंबा मला मनापासून भावला. अँड्र्यू क्युओमो मात्र मला नको आहेत. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाल्यास मत पुढच्याकडे जाते, हे निवडणूक मंडळाच्या माहितीपत्रकातून समजले. परंतु शेवटचा क्रमांक देणे म्हणजे विरोध नोंदवणे, असे घरचे ठामपणे सांगत असल्याने गोंधळ उडाला आहे. क्युओमो यांना पाचवा क्रमांक द्यावा की त्यांचे नाव पूर्णपणे वगळावे, आणि तीनच क्रमांक भरले तर मतपत्रिका अवैध ठरते का?