मदत हवी आहे: हजार कॅलरीत हाड कसं भरेल?

इंदुरी_मिरची
फ्रॅक्चर आहे आणि डाएट चालू आहे. डॉक्टर सहा आठवडे म्हणाले होते, पण परवाचा एक्सरे बघून म्हणतात हाड अपेक्षेइतकं भरलेलं नाही. डाएट सोडणार नाही. वजन मोठ्या मुश्किलीने उतरलंय आणि मार्गशीर्षात नणंदेचं लग्न आहे. हजार कॅलरीत जास्तीत जास्त कॅल्शियम कसं बसवायचं, तेवढंच सांगा. गोळी चालूच आहे. ‘खा-प्या मजेत’ छाप सल्ले नकोत, ते घरी फुकट मिळतात.

शंकासुर
कुठलं हाड? वय किती? पडलात कशा? सिगारेट वगैरे? (रागावू नका, सिगारेटने हाड जुळायला खरंच वेळ लागतो.)

सुगरण_मावशी
अगं, डिंकाचे लाडू खा. रोज सकाळी एक, वर गरम दूध. माझ्या जाऊबाईंचा हात मोडला तेव्हा मीच करून दिले होते. खारीक, खोबरं, साजूक तूप, डिंक फुलवून घ्यायचा. कांडवेलीला हाडसांधी म्हणतात ते उगीच नाही, तीही बघ मिळाली तर.

कीटो_काका
मावशी, तुमच्या एका लाडवात तिचं अख्खं जेवण संपेल. ताई, भात-पोळी बंद करा, पनीर आणि अंडी सुरू करा. मी त्यावरच आहे, गुडघेसुद्धा दुखायचे थांबले.

सुगरण_मावशी
गुडघ्याचं कोणी विचारलंय का?

भियाजी
इंदुरात राहून हजार कॅलरी! सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत एक फेरी मारली की भुट्ट्याचा कीस आणि गराडूतच (तळलेला कंद हो) तेवढ्या होतात. थंडीत गराडू नाही खाल्ले तर इंदूरकर कसले.

इंदुरी_मिरची
@शंकासुर, डावं पाऊल. बोटांच्या मागचं लांब हाड, दुसरं मेटाटार्सल. वय ३८. सिगारेट नाही. पडले नाहीच. चालताना दुखायला लागलं, वाटलं बूट चावतोय. पहिल्या एक्सरेत काही दिसलं नव्हतं, नंतरच्यात दिसलं. आता वॉकिंग बूट दिलाय. भियाजी, सराफ्याचं नाव काढू नका.

सुभेदार_महू
न पडता मेटाटार्सल? आमच्याकडे फौजेत याला मार्च फ्रॅक्चर म्हणत. रंगरूट पाठीवर वजन घेऊन एकदम जास्त चालू लागले की हेच हाड जायचं. पण ती पोरं दोन माणसांचं जेवत असत, म्हणून विश्रांती मिळाली की भरून यायचं. तुम्ही रोज किती चालत होता?

इंदुरी_मिरची
बारा हजार पावलं. मेघदूत गार्डनला. पण मी कॅल्शियमचं विचारलं होतं.

फिजिओ_वडोदरा
मिरचीताई, सुभेदारकाकांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. एक खासगी विचारते, इथे नको वाटलं तर निरोपातून सांगा. पाळी नियमित आहे का? आणि कॅल्शियमशिवाय आणखी कुठली गोळी घेता, कधी?

इंदुरी_मिरची
फेब्रुवारीपासून नाहीये. वजन उतरलं म्हणून असेल, बरंच झालं, कटकट गेली. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, तिच्याबरोबरच कॅल्शियम. एकदाच पाणी प्यायचं, सुटलो.

फिजिओ_वडोदरा
तिथेच सगळं अडलंय.

आधी गोळ्या. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. तुमचं कॅल्शियम कार्बोनेट प्रकारचं असेल तर ते जेवणाबरोबर घ्यायचं असतं, आणि शरीर एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमच नीट घेतं. एकदम जास्त ढकलून उपयोग नाही.

आता पाळी. खाणं फार कमी आणि श्रम जास्त झाले की शरीर खर्च वाचवायला पाळी बंद करतं. इस्ट्रोजेन उतरतं, आणि हाडांची झीज आवरून धरणारं तेच असतं. खेळाडूंमध्ये हे इतकं दिसतं की ऑलिंपिक समितीने २०१४ साली त्याला ‘रेड-एस’ (खेळाडूंमधली ऊर्जेची तूट) असं नाव दिलं. तेव्हा हाड भरत नाही हा पुढचा प्रश्न, ते गेलंच बहुधा यामुळे. बहुधा म्हणते, कारण थायरॉइड, गर्भधारणा वगैरे आधी तपासावं लागेल. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि हाडांच्या डॉक्टरांना पाळीचं सांगा. सांगितलं नसणारच.

इंदुरी_मिरची
पायाच्या डॉक्टरांना पाळीचं कशाला सांगू? आणि कॅल्शियम वाढवून काहीच नाही होणार?

फिजिओ_वडोदरा
हाडाचा सांगाडा कोलॅजनचा, म्हणजे प्रथिनाचा. कॅल्शियम त्यावर येऊन बसतं. सांगाडा विणायला प्रथिनं आणि उष्मांक लागतात, ते हजारात येत नाहीत. वजन किती तुमचं?

इंदुरी_मिरची
५८.

फिजिओ_वडोदरा
मग दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. वाटीभर वरणात सहा-सात, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. कॅल्शियम तुमच्या वयाला १००० मिलिग्रॅम: पेलाभर दुधात अडीचशेच्या जवळ, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे, तीळ तर फारच उत्तम. हाड जुळेपर्यंत वजन उतरवणं थांबवा. आहे तिथे धरून ठेवलंत तरी चालेल, पण डॉक्टर थोडं वाढवा म्हणाले तर वाढवा. व्हिटॅमिन डी तपासून घ्या.

कीटो_काका
डीची साठ हजार युनिटवाली पुडी घ्या, तपासायची काय गरज? मी दर आठवड्याला घेतो.

शंकासुर
काका, कधीपासून?

कीटो_काका
दोन वर्षं झाली.

शंकासुर
ती पुडी ठरावीक आठवडेच द्यायची असते, डी अंगात साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. आज तुमचीच तपासणी करून घ्या.

भियाजी
एका धाग्यात दोन पेशंट! पोह्यांवर शेव घालू का नको, तेही विचारून टाका.

सुगरण_मावशी
म्हणजे लाडू चालतील ना?

फिजिओ_वडोदरा
मावशी, चालतील. लहान वळा, तीळ जास्त घाला.

इंदुरी_मिरची
सोमवारची अपॉइंटमेंट घेतली, दोन्हीकडची. आता एवढंच सांगा: पाऊल डावं आहे, ॲक्टिव्हाला डाव्या पायाचं काही काम नसतं, तर ऑफिसला चालवत गेले तर?

सुभेदार_महू
सिग्नलला कुठला पाय टेकता?