रे: फ्लशिंगची ग्रेस मेंग आणि आपलं मंडळ

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य, क्वीन्स (न्यूयॉर्क)

नमस्कार मंडळी,
रविवारी क्वीन्समधल्या फ्लशिंगला, बोन स्ट्रीटच्या गणपतीच्या देवळात गेलो होतो. तळघरात डोसा खाताना लेकीनं विचारलं, "बाबा, फ्लशिंगमधून तैवानी, चिनी लोक निवडून येतात, मग आपले का नाहीत? देऊळ तर १९७७ पासून आहे." मला उत्तर सुचेना. कोणाला सुचतंय?

प्रेषक: माजी खजिनदार

दादा, देवळातली गर्दी वेगळी आणि मतदारयादीतली वेगळी.

फ्लशिंगवाल्यांनाही वेळ लागलाच. २००४ साली जिमी मेंग न्यूयॉर्कच्या विधिमंडळावर निवडून आलेले पहिले आशियाई-अमेरिकन ठरले. त्याआधी ते तिथल्या चिनी व्यापाऱ्यांच्या संघटनेचं काम बघायचे. राहिले एकच टर्म. मुलगी ग्रेस, आईवडील तैवानहून आलेले, ती मात्र क्वीन्समध्येच जन्मलेली. २००६ साली ती उभी राहायला निघाली, पण राहत्या पत्त्याच्या मुद्द्यावरून तिचं गाडं अडलं. २००८ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, तिनं असेंब्लीच्या (विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाच्या) विद्यमान सदस्य एलेन यंग यांना हरवलं. आणि यंगबाई स्वतः तैवानमध्ये जन्मलेल्या! म्हणजे 'आपला माणूस' एवढ्यावर मत मिळायचे दिवस तिथे तेव्हाच सरले होते, त्यांच्यातलेच दोघे समोरासमोर. मी तरी ताकद म्हणते ती याला.

आता खरी हमाली ऐका. असेंब्लीच्या प्रायमरीत उभं राहायचं तर मतदारसंघातल्या, त्याच पक्षात नोंदलेल्या ५०० जणांच्या सह्या लागतात. समोरचा एकेक सही खोडायला टपलेला, म्हणून शहाणे लोक कितीतरी जास्त गोळा करतात. जिन्यावरून वर, बेल वाजवा, पुढचं दार. ज्याची पक्षनोंदणी नाही, त्याला प्रायमरीत मतच नाही. आपल्या सभासदांत नागरिक किती, पक्ष नोंदवलेले किती? मी सात वर्षं हिशेब ठेवले. वर्गणी कोणाची थकली ते तोंडपाठ आहे, हे मात्र कधी विचारलंच नाही.

ग्रेसनं विधिमंडळात गेल्यावर काय केलं? २००९ मध्ये राज्याच्या कागदपत्रांतून 'ओरिएंटल' हा आशियाई लोकांसाठीचा जुना, अपमानकारक शब्द काढणारा कायदा झाला, तो तिचा. पुढे २०१२ मध्ये वॉशिंग्टनला, काँग्रेसवर निवडून गेली आणि २०१६ मध्ये केंद्रीय कायद्यांतूनही तो शब्द घालवला.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

ताई, माहिती छान. पण राजकारण मंडळात नको. आपलं ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय संस्थेची करमाफी, जाईल. गणपतीत प्रचार सुरू झाला तर मी आरती अर्धी सोडून घरी जाईन, आधीच सांगतो.

प्रेषक: माजी खजिनदार

काका, आरती पूर्ण करा. कुठल्याही उमेदवाराचा प्रचार मंडळाला करताच येत नाही, तुमचं बरोबर आहे. पण पक्षभेद न करता मतदारनोंदणीचं टेबल लावायला कायद्याची आडकाठी नाही.

आणखी एक. क्वीन्समध्ये २०१३ पासून मतपत्रिका बंगालीत मिळते. लोकसंख्येच्या आकड्यांवरून 'आशियाई भारतीय' भाषेची सोय करणं कायद्यानं भाग पडलं, आणि निवड झाली बंगालीची. मराठीचा नंबर आकड्यांत लागला नसताच, ते मला कळतं. पण त्या चर्चेत आपण कुठे होतो? बहुधा कोजागरीचं दूध आटवत.

यंदा मोदकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल द्याल का? फॉर्म मी आणते. तुमच्या सूनबाईंना नुकतंच नागरिकत्व मिळालं ना? पहिला फॉर्म त्यांचाच भरू.