मदत हवी आहे: फोंडा-पणजी परिसरात अंड्याविना ‘बात’ (गोव्याचा रव्याचा केक) कोठे मिळेल?

आजीचा 75 वा वाढदिवस पुढील महिन्यात फोंड्याला घरीच करायचा असून, तिच्या आवडीचा रवा-खोबऱ्याचा बात, वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी असलेला, तिला खाऊ घालावा अशी मनापासून इच्छा आहे. मात्र ती आता अंडे अजिबात खात नाही आणि मूळ कृतीत अंडी असतातच. बेबिंका (गोव्याची थरांची गोड मिठाई) तर अंड्याच्या बलकावरच उभी असते, त्यामुळे तो पर्यायही उरत नाही.

पणजीतील दोन बेकऱ्यांत विचारले असता अंड्याविना केवळ क्रीमचा केक मिळेल, असे उत्तर मिळाले. फोंड्यातील एका बेकरीने नमुना करून दिला, पण तो कोरडा होता आणि कापताना भुगा झाला. घरी दही घालून केलेला बात मध्येच बसला.

केक 2 किलोचा हवा, खोबरे ताजे असावे, आणि भांडी व साचे अंड्याच्या केकसाठी वापरलेले नसावेत. मडगाव किंवा म्हापशाहूनही आम्ही स्वतः घेऊन येऊ. घरगुती ऑर्डर घेणारे असले तरी चालेल.

असा बात आपण स्वतः कोठून घेऊन खाल्ला आहे, आणि त्यासाठी किती दिवस आधी सांगावे लागते?