कोकणातलं घर भाड्याने देणं : तुमचे अनुभव लिहा

पागोळी

परवा दापोलीला गेलो होतो. घराच्या मागच्या दोन खोल्या परत भाड्याने द्यायच्या आहेत, म्हणून रंगारी लावलाय. तो मीटरच्या पेटीशेजारची भिंत घासायला लागला तेव्हा तिथे पेन्सिलने लिहिलेले आकडे दिसले, एकाखाली एक. आधीच्या भाडेकरूचं अक्षर. दर १ तारखेचं रीडिंग. मध्येच एका ओळीत आकडा नाही, नुसतं "३ जून लाईट गेली". त्याच्याखाली "२८ जून आली".

रंगाऱ्याला थांबवलं आणि तिथेच पायरीवर बसलो.

२०२० चं निसर्ग वादळ. मी ठाण्यात, लॉकडाऊन, ई-पासशिवाय हलता येत नव्हतं. दुपारी त्यांचा फोन आला, "काका, पडवीचे पत्रे गेले, कौलं उडतायत, आम्ही सगळे माजघरात आहोत." मग टॉवरच गेला. सहा दिवस काही कळलं नाही. बायको आणि दोन वर्षांचं पोर घेऊन हा माणूस तिथे राहिला, पुढच्या घरावर ताडपत्री घातली, आमचे देव आणि आईची लाकडी पेटी कोरड्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. पुढचं घर त्याच्या भाड्यात नव्हतंच!

आणि मी काय केलं? ऑगस्टमध्ये त्याने कौलांचे आणि मजुरीचे ११,४०० भाड्यातून वळते केले, तेव्हा "मला विचारल्याशिवाय खर्च का केलात" म्हणून फोनवर वाद घातला. तेव्हा तालुक्यात कौल मिळत नव्हतं, मिळेल त्या भावाने लोक घेत होते, हे मला ठाण्यात बसून कळलं नाही. दिवाळीनंतर त्यांनी खोल्या सोडल्या, तेव्हा डिपॉझिटमधून तेवढे पैसे मी कापून घेतले.

तो नसता तर त्या पावसात मातीत बांधलेल्या जांभ्याच्या भिंती बसल्याच असत्या. आज हे लिहावंसं वाटलं. तुम्हीपण लिहा, घरमालक असा की भाडेकरू.

चिरेबंदी

वाचून गलबललं. बंद घर कोकणात टिकत नाही हो. आमचं राजापूरकडचं दोन पावसाळे बंद होतं, वाळवीने माजघराचं तुळवट पोखरलं. वरून ठणठणीत दिसत होतं, बोट लावलं तर आत भुसा. तेव्हापासून भाडं कमी आलं तरी चालेल, पण चूल पेटती राहू दे म्हणून एका अंगणवाडीच्या बाईंना दिलंय.

खाडीकाठ

माझा अनुभव उलटा आहे. रत्नागिरीत फ्लॅट, ओळखीचा माणूस, म्हणून कागद नाही केला. दीड वर्षाने सोडायला सांगितलं तर म्हणतो भाडं ठरलंच होतं ४ हजार, ६ नाही. आणि कायदा त्याच्या बाजूने! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध करायचं आपण. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ११ महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, हा समज पण चुकीचा. वकिलाने हे सगळं सांगितलं तेव्हा आमच्या हिने डोक्याला हात लावला.

पागोळी

@खाडीकाठ मग सुटलं का प्रकरण?

खाडीकाठ

सुटलं, त्याची बदली झाली म्हणून. आता लिव्ह अँड लायसन्स ऑनलाइन नोंदवतो. नोंदणी शुल्क शहरात १०००, ग्रामीण भागात ५००, मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का. डिपॉझिट असेल तर त्याचंही थोडं धरतात. नोंदवलेला कागद असला की मुदत संपून जागा सोडली नाही तर दुप्पट भाडं मागता येतं, कलम २४. एवढ्याशा पैशासाठी मी दीड वर्ष झोप घालवली. कुणी करू नका असं.

काजूबी

सामाईक घराचं कुणी लिहिणार का? सातबाऱ्यावर १४ नावं आमची. भाडेकरू ठेवायचा म्हटलं की बडोद्याच्या काकांपासून सगळ्यांना फोन. मिळतात ३ हजार. घरपट्टी आणि शाकारणी गेली की उरतं काय वाटायला? तरी एक चुलतभाऊ हिशोब मागतो. मे महिन्यात कौलं परतायला शिडीवर चढणारी मी एकटी.

चिरेबंदी

काजूबी ताई, हिशोबाची एक वही ठेवा आणि फोटो काढून ग्रुपवर टाका दर महिन्याला. आमच्याकडे भांडण त्यानेच थांबलं.

वाशिष्ठी

चिपळूण. २२ जुलै २०२१. खालचा गाळा भाड्याने होता, कापडाचं दुकान. आम्ही वरच्या मजल्यावर, पाणी जिन्याच्या बाराव्या पायरीपर्यंत. मोजत बसलो होतो रात्रभर. पाणी ओसरल्यावर तो आला, शटर उघडलं आणि चिखलातून साड्या उपसत होता, एकही शब्द नाही. सहा महिने भाडं घेतलं नाही. सासरे म्हणाले, त्याचं दुकान चाललं तर आपला गाळा. अजून तोच आहे. करारात आता एक ओळ घातलीय, पुरात नुकसान झालं तर सफाई आणि रंग मालकाचा, मालाचा विमा त्याचा.

हळदोणी

भाडेकरू म्हणून लिहिते. मी शिक्षिका, १२ वर्षांत पाच गावं. पहिला प्रश्न ठरलेला, "मच्छी खाता का?" दुसरा, "एकट्याच राहणार?" गुहागरच्या एका आजींनी मात्र काहीच विचारलं नाही. विहिरीवर नेऊन रहाट कसा ओढायचा ते दाखवलं आणि म्हणाल्या, दोरी ओली ठेवू नकोस, कुजते. चार वर्षं राहिले. अजून गणपतीला जाते.

मालवणी मेवा

आमचो होमस्टे आसा तारकर्लीक, निवास न्याहारी योजनेत नोंद केलेलो. म्हयन्याचो भाडेकरू बरो की रोजचो पावणो बरो, ह्या माका अजून कळूक नाय. मे म्हयन्यात बावीचा पाणी तळाक जाता आणि पावणे दिवसातून तीन वेळा आंघोळ करतत. समुद्रातसून इले की वाळू थेट बाथरूमात. दोन वेळा पायप तुंबलो. आता अंगणातच नळ दिलंय, पाय धुवन मगे आत.

खाडीकाठ

किनाऱ्यापासून जवळ असाल तर नळ, कड्या, बिजागऱ्या काय वापरता? आमच्या ग्रिलचा खारट वाऱ्याने दोन वर्षांत चुरा झाला. भाडेकरू म्हणतो बदला, मी म्हणतो आत्ताच बदललं.

मालवणी मेवा

लोखंड नकोच. खिडकेक लाकडाचे गज घालून घेतलंय, फणसाचे. नळ प्लास्टिकचे.

वाशिष्ठी

फणसाचं लाकूड कुठे मिळालं? आमचं एक झाड पडलंय, कापून ठेवावं का?

मालवणी मेवा

ठेवा ठेवा. पण सावलीत सुकवा, उन्हात तडकता.

काजूबी

आणि वांदरं! त्यांचं कुणी बोलतच नाही. फणस लागला की कौलांवर उड्या, दर पावसात नवीन गळती, आणि भाडेकरूचा फोन मलाच. कालच बादली कुठे ठेवायची ते फोनवर सांगत होते, भात उतू गेला.

हळदोणी

@पागोळी दादा, त्या माणसाला फोन केलात का?

पागोळी

जुना नंबर बंद होता. त्यांच्या मेहुण्याची दापोलीत टपरी आहे, तिथून नवा मिळवला. आत्ताच बोललो. खेडला असतात. ११,४०० पाठवतो म्हटलं, आधी नको म्हणाले, मग मी हट्ट केला तेव्हा खाते क्रमांक दिला. मुलगा शाळेत जातो आता. मीटरजवळचे आकडे अजून आहेत सांगितलं तर हसले. मग म्हणाले, "काका, मागच्या आढ्यावरची तीन कौलं मी नुसती टेकवून ठेवली होती, सिमेंट मिळालं नव्हतं तेव्हा. ती बघून घ्या, नवीन माणूस यायच्या आधी."

उद्या सकाळी माणूस चढवतोय.