मदत हवी आहे: ऑक्टोपस भाजताना साल सुटतेय

मंडळी, सध्या लिस्बनमध्ये असते. इथे ऑक्टोपसला पोल्वू म्हणतात. भरपूर लसूण आणि ऑलिव्ह तेलातला, कडा कुरकुरीत झालेला, सोबत ठेचलेले बटाटे. घरी दोनदा केला, दोन्ही वेळा फसला.

पहिल्यांदा ताजा आणून, आपण माकूल करतो तसा, थेट तव्यावर टाकला. चप्पल चावल्यासारखं! शेजारच्या आजी म्हणाल्या, गोठवलेलाच घे, गोठल्यावर तंतू तुटतात. म्हणून दीड किलोचा गोठवलेला आणला, रात्रभर फ्रीजमध्ये सुटू दिला, मधली चोच काढली आणि अख्खा कांदा घालून, मीठ न घालता, तासभर उकळला. सुरी लोण्यात जावी तशी गेली. पण चिमट्याने उचलला तर जांभळी साल ओल्या कागदासारखी लोंबायला लागली, आणि पायांवरच्या वाट्या ग्रिलच्या जाळीलाच चिकटल्या. (वजन निम्मं झालं, ते होतंच म्हणे.)

तर, उकळल्यावर त्याच पाण्यात गार होऊ द्यायचा, की लगेच काढून, पुसून, फ्रीजमध्ये उघडा सुकवायचा? तास जास्त झाला का? कुकरमध्ये कुणी केलाय? शिट्ट्यांत सांगितलंत तरी चालेल. तेल जाळीला लावू की तुकड्यांना? कोळसा नाही, बाल्कनीत विजेची ग्रिल आहे.

शनिवारी रत्नागिरीहून सासूबाई येतायत, त्यामुळे जरा घाई आहे. गुलाबी पाणी मात्र टाकलं नाही, त्यात भात शिजवला. तो झकास झाला होता.