‘कुलमुखत्यारपत्र’ हा शब्द बदलायला हवा

पर्वतीकर:
माझ्या मावशीने गेल्या वर्षी एका कागदावर सही केली. वर ठळक अक्षरात ‘कुलमुखत्यारपत्र’. तिला वाटलं, कुल म्हणजे घराणं; घरच्यांनी मिळून करायचा काहीतरी कागद असेल. हा ‘कुल’ मात्र अरबीतला, अर्थ ‘सगळं’. मुखत्यार म्हणजे अधिकार मिळालेला माणूस. फ्लॅट विकण्यापर्यंतचे सगळे अधिकार तिने पुतण्याच्या हाती दिले होते. उभा जन्म मराठीत गेलेल्या बाईला मराठी कागद कळू नये, याचा मला फार राग येतो. ‘सर्वाधिकारपत्र’ असतं तर ती थबकली असती. मुखत्यार, फिर्याद, मुद्देमाल, सगळे बदला. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी?

नारायणपेठी:
मावशींचं ऐकून वाईट वाटलं, तरी विरोधच. ‘वकील’ही अरबीच, तो कुणाला अडतो? कोश झाल्यावरही पेशवे दफ्तरातले कागद फारसी शब्दांनी भरलेत, आणि ‘दफ्तर’ तरी कुठलं? आता तुमच्या सोसायटीत ‘मानीव अभिहस्तांतरण’ म्हणजे काय ते विचारून बघा. बिल्डरने करून न दिलेली जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे होणं, एवढाच अर्थ. शब्द संस्कृत वळणाचे, पण सगळे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’च म्हणतात. ‘खरेदीखत’ मात्र शाळेत न गेलेल्यालाही कळतं. त्यातली खरेदी फारसी, खत अरबी.

पर्वतीकर:
अभिहस्तांतरणाचं मान्य. फिर्यादही मागे घेतो. मला संस्कृत नकोय, कळेल असं हवंय. ‘मुखत्यार’ आज कुणाच्या तोंडी आहे, सांगा.

दस्तलेखक, शिवाजीनगर:
शब्द बदलताना जपून. ‘वहिवाट’ काढून ‘ताबा’ घालायची सूचना मी ऐकली आहे. शेजाऱ्याच्या बांधावरून जायची वहिवाट असते, ताबा नसतो. त्या एका शब्दावर दावे उभे राहतात. सातबारा म्हणजे तर नुसते गावनमुन्यांचे आकडे, ७ आणि १२. तरी शेतकरी तो घडाघडा वाचतो, कारण तो त्याच्या रोजच्या कामाचा. मुखत्यारपत्र मात्र आयुष्यात एकदा समोर येतं. तिथे पर्वतीकरांचं म्हणणं मला पटतं.
त्याआधी एक विचारतो, ते रद्द केलंत का? नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते स्पष्ट केलंय. पण त्याच्या जोरावर पुतण्या खरेदीखत करून देऊ शकतो. मूळ कागद नोंदवलेला असेल तर रद्दपत्रही नोंदवा, आणि त्याला लेखी कळवा.

पर्वतीकर:
दोन्ही केलं. रद्दपत्रावर सही करण्याआधी मावशीने मला वर पेन्सिलीने लिहायला लावलं: ‘दिलेले सगळे अधिकार परत घेतल्याचा कागद’.